हेनिंगचा पहिला धोंडा

माणसाला विनाअट, आयुष्यभर आणि स्वतः काहीही न करता मान मिळेल अशी पृथ्वीवर एकच जागा आहे, आणि ती म्हणजे त्याची सासुरवाडी. राजाचं राज्य जातं, मंत्र्याचं खातं जातं, प्राध्यापकाला तर स्वतःच्या तासाला विद्यार्थी सापडत नाहीत. जावयाचा पाट मात्र कुणी हलवू शकत नाही. हे विधान मी यंदाच्या अधिक ज्येष्ठापर्यंत छातीठोकपणे करत असे. माझा पाट हेनिंग नावाच्या एका डॅनिश गृहस्थाने हलवला. त्या बिचाऱ्याला ते अजून माहीत नाही.

हेनिंग निवृत्त शाळामास्तर. बिर्गिट त्याची बायको. म्हणजे तसं समजून चालू. हा मुद्दा पुढे येणार आहे. आमचा चिन्मय डेन्मार्कात नोकरीला आहे आणि काही काळ यांच्याकडे भाड्याने राहत होता. दोन वर्षांपूर्वी मी आणि पुष्पांजली त्याच्याकडे गेलो, तेव्हा हेनिंगने आम्हाला चार दिवस आपल्या खेड्यातल्या घरी नेलं. घर सुंदर. पुढे शेत, मागे शेत, मधे गाई, आणि गाईंच्या आसपास एकही माणूस नाही. पहिल्याच संध्याकाळी हेनिंगने मला फ्रिज दाखवला, बशा कुठे असतात ते दाखवलं, आणि बशा धुऊन परत कुठे ठेवायच्या तेही दाखवलं. "अगदी आपलं घर समजा," तो म्हणाला. मी माझ्या घरी आजवर बशी धुतलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला बटाटे काढायला नेलं. पुष्पांजलीला मजा वाटली. ती शेतकऱ्याची मुलगी, तिला वाटणारच. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि बटाटा माझ्या पाठ्यपुस्तकात फक्त उदाहरण म्हणून येतो.

त्या शेतात, गुडघाभर चिखलात उभं राहून मी ठरवलं, की या माणसाला एकदा आपल्या सासुरवाडीला न्यायचं. मी कोण आहे हे त्याला कळलंच पाहिजे. जळगाव जामोदला प्राध्यापक आहे, एवढंच मी त्याला सांगू शकलो होतो. तेवढ्याने कुणावर छाप पडत नाही. जळगाव जामोदमध्येही पडत नाही.

म्हणून ते भारतात यायचं म्हणाले तेव्हा तारखा मीच कळवल्या. मे महिना फार गरम असतो का, असं हेनिंगने विचारलं होतं. "सुखद असतो," मी लिहिलं. कारण यंदा धोंड्याचा महिना नेमका तेव्हाच होता. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास. तीन वर्षांनी एकदा येतो. या महिन्यात जावई हा साक्षात विष्णू असतो. त्याला पाटावर बसवून पाय धुतात, टोपी-उपरणं देतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि तबकात तेहतीस अनारसे ठेवून वर तुपाचा दिवा लावून ते तबक त्याच्या हातात देतात. सव्वीस वर्षं मी हा विष्णू आहे. हेनिंगने ते पाहावं, एवढीच माझी इच्छा होती. पाहून त्याने एकदा त्या बशा आठवाव्यात.

माझी सासुरवाडी संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. सासरे पुंजाजी, सासूबाई वच्छलाबाई, मेहुणा गोकुळ आणि संत्र्याचा बगिचा. बैठकीच्या खोलीत एक लोखंडी कूलर आहे. चालू झाला की ट्रॅक्टर घरात आल्यासारखं वाटतं. त्याच्या समोरचा पलंग जावयाचा. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मी नसतो तेव्हाही त्या पलंगावर कुणी आडवं होत नाही, असं मला सांगण्यात आलेलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि हेनिंगचा रंग गाजरासारखा झाला होता. "हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात," असं तो डेन्मार्कात मला दर तासाला ऐकवायचा. नांदुऱ्यापासून तो काही बोलला नव्हता.

"अरे बापा, पाहुना तं सिजला!" पुंजाजी ओरडले. "गोकुळ, त्याले कूलरम्होरं टाक बे पयले!"

गोकुळने त्याला दंडाला धरलं आणि माझ्या पलंगावर टाकलं. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. त्या खिडकीतून थेट मध्य प्रदेशातलं ऊन येतं.

"थोडा वेळच," पुष्पांजली माझ्या कानात म्हणाली. "आजारी पडला म्हणजे?"

मी मन मोठं केलं. यजमानाने करायचं असतं. पुढचे तीन दिवस तो त्या पलंगावरून फक्त जेवायला उठला.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. चिन्मयने निघण्याआधी या दोघांना काही मराठी शब्द शिकवले होते. पुष्पांजली आपल्या आईला जे म्हणते तेच त्याने बिर्गिटला शिकवलं. बिर्गिट पुढे आली, वाकली, सासूबाईंच्या दोन्ही पायांना हात लावला आणि म्हणाली, "माय."

सासूबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"आयकलं का वं पुष्पे? माय म्हणे ना मले!"

"शिकवलं असेल चिन्मयनं."

"शिकवल्यानं काय होते? तुलेबी म्याच शिकवलं होतं." सासूबाईंनी बिर्गिटच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "लेक हाय मही. साता समिंदरापल्याडून आली मायले भेटाले."

या वाक्याचं गांभीर्य मला त्या क्षणी कळलं नाही. अर्थशास्त्राच्या माणसाला परिणाम उशिरा कळतात. आमच्याकडे तोंडातून गेलेलं नातं परत घेता येत नाही. याच गावातल्या एका बाईने फार पूर्वी एका बस कंडक्टरला गर्दीत "भाऊ, जरा जागा द्या" म्हटलं होतं. तो अजून भाऊबीजेला येतो. मधे त्याची बदली गडचिरोलीला झाली होती, तेव्हाही आला.

बिर्गिट लेक झाली, हे मी कौतुकाने हेनिंगला समजावून सांगितलं. तोही खूश झाला. आपण दोघंही एकाच खड्ड्याकडे चाललो आहोत, हे दोघांनाही दिसत नव्हतं. त्याला भाषेमुळे आणि मला आत्मविश्वासामुळे.

धोंड्याच्या दिवशी सकाळी गोकुळ माझ्याजवळ येऊन बसला. तो कधी कारणाशिवाय जवळ बसत नाही आणि कारण सांगितल्याशिवाय उठत नाही.

"भाऊजी, एक गोठ सांगू? रागावसान नाई ना?"

"बोल."

"माय म्हणे का, यंदाचे अनारसे हेनिंगभाऊजीले जातीन."

"काऊन?" मी म्हणालो. चिडलो की प्रमाणभाषा मला सोडून जाते.

"बिर्गिटताई लेक झाली ना. मंग ते जवाई झाले. आन त्याईचा पयला धोंडा हाय."

मुद्दा बिनतोड होता. लग्नानंतरचा पहिला धोंडा सगळ्यांत मानाचा. त्या वर्षी नव्या जावयापुढे जुन्या जावयाने हट्ट धरणं म्हणजे नवरदेवाच्या घोड्यावर वराच्या मामाने बसणं. "हेनिंगभाऊजी" हा शब्द गोकुळने इतक्या सहज उच्चारला, की तो तीन दिवसांचा नसून तीन पिढ्यांचा वाटत होता.

मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई कढईपुढे होत्या. पुष्पांजली खसखस लावून अनारसे थापत होती. तिने वर पाहिलं नाही. हे मी तेव्हाच टिपायला हवं होतं.

"दोघांनाही करता येतील ना तेहतीस-तेहतीस?" मी हसत विचारलं. म्हणजे तोंडाने हसत.

"तांदूय तीन दिस भिजवा लागते जवाईबुवा. अनारसे हायत ते, भजे नाई. होतं तेवढ्या पिठाचा एक घाना टाकून पाह्यला, तं सगळे हसले."

तुपात विरघळलेल्या अनारशाला हसला म्हणतात. कढईच्या तळाशी तो गाळ मी पाहिला. त्या सकाळी त्या घरात माझ्यासाठी एवढंच हसू होतं.

"मग अर्धे अर्धे?"

"वान वाटून देत असते काय?" सासूबाईंनी झारा थांबवला. "लेक वाटून देल्ली होती का तुमाले?"

आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. ती मी डेन्मार्कातून मनात घेऊन आलो होतो आणि वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी आवाज खाली आणला.

"एक सांगायचं राहिलं. त्या दोघांचं लग्न झालेलं नाही."

पुष्पांजलीने माझ्याकडे पाहिलं. अशी ती फक्त भाजीत मीठ जास्त झाल्याचं मी पाहुण्यांसमोर सांगतो तेव्हा पाहते. कढईतलं तूप तडतडत होतं. सासूबाईंनी एक अनारसा काढला, निथळला, चाळणीवर उभा केला.

"किती वर्स झाले संग राह्यतात?"

"सत्तावीस," मी म्हणालो. म्हणजे आमच्यापेक्षा एक जास्त. हे सांगायला नको होतं.

"भांडतात का?"

"येताना गाडीत भांडले," पुष्पांजली म्हणाली. "खिडकी उघडायची का नाही, यावरून. नांदुऱ्यापर्यंत."

"मंग झालं लगन." सासूबाईंनी पुढचा अनारसा सोडला. "कागद सरकारले पायजे, अनारशाले नाई. अधिकात लगन लागत नाई म्हणून, नाईतं आजच अक्षदा टाकल्या असत्या."

मी बाहेर आलो. पुंजाजी ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसले होते. सासरे या नात्याने त्यांना काहीतरी वाटायला हवं होतं, अशी माझी अपेक्षा.

"आयकलं तुमी?" मी विचारलं.

"हाव," ते म्हणाले. "त्याच्या मापाची टोपी भेटून नाई राह्यली. डोक्सं लय मोठं हाय त्याचं."

दुपारी पाट मांडला. भोवती रांगोळी. हेनिंगला पाटावर बसवलं, शेजारी बिर्गिट, नाकात सासूबाईंची नथ. गाव ओसरीवर जमलं होतं. मला उभं करण्यात आलं, कारण भाषांतर करणारा बसलेला बरा दिसत नाही.

पुंजाजी तांब्या-परात घेऊन वाकले आणि त्यांनी हेनिंगच्या पायाला हात घातला. हेनिंगने पाय ओढून घेतला. पुंजाजींनी परत ओढला. बैलाच्या खुराला पत्री मारताना करतात तशी थोडी ओढाताण झाली आणि शेवटी अनुभव जिंकला.

"हे काय करतायत?" हेनिंगने घाबरून मला विचारलं. "ते माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत!"

"पाय धुतायत. तुम्ही विष्णू आहात."

"मी?"

"आजच्या दिवस."

तो विचारात पडला. डॅनिश माणूस कुठलीही गोष्ट समजून घेतल्याशिवाय स्वीकारत नाही, आणि समजली की अगदी मनापासून स्वीकारतो. त्याने दुसरा पाय आपणहून पुढे केला. मग त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"आणि तुम्ही?" तो म्हणाला. "या सगळ्यात तुम्ही कोण असता?"

दोन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होतो तो हाच. उत्तर मी कधीपासून तयार ठेवलं होतं. इंग्रजीत.

"काय म्हणते पाहुना?" पुंजाजींनी विचारलं.

"पाणी गार आहे, छान वाटतंय म्हणतो," मी सांगितलं. आणि हेनिंगला म्हणालो, "मी भाषांतर करतो."

त्याने समजल्यासारखी मान हलवली.

टोपी शेवटी बसली नाही, नुसती ठेवली. उपरणं झालं, आहेर झाला, बिर्गिटची ओटी झाली. सासूबाईंनी क्रोशाचा रुमाल टाकलेलं तबक आणलं. त्यावर दिवा होता. हेनिंगने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडच्या बायका लगेच विरघळल्या. "लय हळवा जवाई हाय वं," कुणीतरी म्हणालं. सव्वीस वर्षांत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, हे त्या बाईने बोलून दाखवलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबुवा, या ना!" सासूबाईंनी मला हाक मारली. "तुमालेबी हाय. तुमाले सुकं ठेवन काय मी?"

शेवटी माणसं आपली असतात. गोकुळने आतून दुसरं तबक आणलं. त्यावरही रुमाल होता. मी रुमाल उचलला.

टोस्ट होते.

"वानाले जाळी पायजे फक्त," गोकुळ उत्साहाने म्हणाला. "अनारशाले जाळी असते, बत्ताशाले असते, तशी टोस्टालेबी असते. हे पहा ना, कशी बारीक हाय! पुरे तेहतीस हायत. आन जिऱ्याचे हायत, बिनगोडाचे. बिनगोडाचे भेटत नाई लवकर. सारं संग्रामपूर पालथं घातलं म्या."



"बिनगोडाचे काऊन?" मी विचारलं.

गोकुळने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पुष्पांजलीकडे पाहिलं. पुष्पांजलीने पदर नीट केला. तो नीटच होता.

माझी साखर हा गेली काही वर्षं मी, डॉक्टर आणि पुष्पांजली या तिघांमधला विषय आहे. सासुरवाडीला तो कळता कामा नये, अशी घरात सक्त ताकीद होती. गोड बंद झालेला जावई म्हणजे निवृत्त अधिकारी. त्याला नमस्कार करतात, पण फाईल दाखवत नाहीत.

"दिवाळीतच सांगतलं मले पुष्पीनं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मागच्या धोंड्याचे अनारसे तुमी कपाटात ठेवले. मुंग्या लागल्या त्याईले. म्या देल्लेलं वान मुंग्यायनं खाल्लं, जवाईबुवा! कोनाले पावलं ते पुण्य?" त्यांनी हेनिंगकडे हात केला. "तवापासून घोर होता मले, यंदा कोनाले द्यावं. वानाले खानारा पायजे. आन तुमीच घेऊन आले. देवानंच बुद्धी देल्ली तुमाले."

म्हणजे निकाल दिवाळीतच लागला होता. बिर्गिटने 'माय' म्हणण्याच्या कितीतरी आधी. खुर्ची रिकामी झालेली होती, फक्त मला कळवलेलं नव्हतं. आणि वर उमेदवार मीच, तारखा जुळवून, मे महिना सुखद असल्याचं लिहून आणला होता.

"तुमच्या चांगल्यासाठीच सांगितलं," पुष्पांजली आत गेल्यावर म्हणाली.

"सगळे कट याच वाक्याने सुरू होतात."

"चार वाट्या आमरस ओढता तुम्ही इथं आलात की. कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं."

"मला सांगायचं."

"तुम्हाला रोज सांगते," ती म्हणाली. हे खरं होतं.

पंगतीत हेनिंगला पाच धोंडे वाढले. मला मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकर. "आरोग्याले चांगलं हाय," पुंजाजी म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या आरोग्याची ही पहिलीच चौकशी केली.

दोन दिवसांनी आम्ही त्यांना शेगावला गाडीत बसवायला गेलो. हेनिंगच्या डोक्यावर ती न बसणारी टोपी होती. गाडी यायच्या आधी त्याने बॅगेतून अनारशांचा डबा काढला आणि संकोचाने माझ्यापुढे धरला. विमानात तुपाचं काही नेता येईल का, त्याला शंका होती. शिवाय, त्याने खालच्या आवाजात सांगितलं, त्याने एक खाल्ला आणि बिर्गिटने अर्धा. त्यांच्या जिभेला ते फार गोड होतात. "तुम्हाला आवडतील," तो म्हणाला.

मी हात पुढे केला. पुष्पांजलीचा आधी पोचला. शेजारच्या बाकावर एक नवं जोडपं बसलं होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. पुष्पांजलीने झाकण उघडून डबा त्या मुलापुढे धरला.

"वाण आहे. खा."

"आम्हाला काऊन, काकू?" तो गडबडला.

"कुणाचे तरी जावई आहातच ना?"

तो होता. त्याने खायला सुरुवात केली, आणि गाडी येईपर्यंत थांबला नाही. मी तिथेच उभा राहून पाहिलं.

आठवड्याने चिन्मयचा फोन आला. हेनिंगने त्याला लांबलचक मेल लिहिली होती. असं प्रेम, असा मान त्याला आयुष्यात कुठे मिळाला नव्हता. आजीबद्दल एक परिच्छेद, आजोबांबद्दल एक, कूलरबद्दल एक.

"माझ्याबद्दल काही?" मी विचारलं.

"आहे ना, बाबा. 'बोलणं समजावून द्यायला आणि सामान उचलायला तुझ्या वडिलांची खूप मदत झाली,' असं लिहिलंय."

टोस्ट मी घरी आणले. मान होता, टाकता येत नव्हता, आणि या खेपेला मुंग्यांना द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, बिनसाखरेच्या चहात बुडवून सगळे संपवले. पुष्पांजलीला बोलायला जागाच नव्हती.

त्यानंतर साखर तपासली तर होती त्याहून वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, हे कशाने झालं. मी त्यांना डेन्मार्कपासून सगळं सांगितलं. बटाटे, कूलर, माय, सत्तावीस वर्षं, मुंग्या, दिवाळी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

"टोस्ट मैद्याचे असतात," ते म्हणाले.